इंटरनेट रेडिओ सेटिंग विसरतो: ‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीने लंडनहून बाबांसाठी टेबलावर ठेवायचा इंटरनेट रेडिओ आणला. पहिली तीनेक वर्षं तक्रार नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून तो मधूनच वाय-फायचा पासवर्ड मागतो, घड्याळ रोज चुकीचं दाखवतो, साठवलेली काही स्टेशनं लागत नाहीत, आणि कधीकधी तर डिस्प्लेचा उजेड, गजर, सगळंच नव्या संचासारखं कोरं होतं. फॅक्टरी रिसेट केला की चार-आठ दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे. दुरुस्तीवाल्याने न उघडताच ‘बोर्ड गेला’, म्हणजे आतलं मुख्य सर्किट बिघडलं, असं सांगून टाकलं.

बोर्ड गेला असेलही, पण मी पैज लावणार नाही. तुम्ही एकाच दमात चार तक्रारी सांगितल्या आहेत आणि त्या चारही एकाच रोगाच्या असतील असं मला दिसत नाही. अशा संचात पासवर्ड एका ठिकाणी राहतो, घड्याळ दुसऱ्या ठिकाणी चालतं, आणि स्टेशनांचा पत्ता तर अनेकदा रेडिओत नसतोच, परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरवर असतो. म्हणून ‘रेडिओ विसरतो’ हे वाक्य बाजूला ठेवा आणि नेमकं काय विसरतो ते वेगळं काढा. वेगळं काढलं की निम्मी तक्रार स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेताच निकालात निघते.

सगळ्यात सोपं घड्याळ. या संचांपैकी बऱ्याच संचांत घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. वीज गेली की वेळ जाते आणि परत आली की रेडिओ ती बाहेरून मागून घेतो. कुठून घ्यायची ते मेनूत ठरवलेलं असतं: इंटरनेटवरून, एफएमवरून किंवा डीएबी या डिजिटल रेडिओ प्रसारणावरून. इंग्लंडात डीएबी घरोघरी आहे, तिथे कुणी तो पर्याय निवडून ठेवला असेल तर तिथे तो चालतोच. भारतात डीएबीचं नियमित प्रसारण नाही. त्यामुळे इथे लाइट गेली की तुमचा रेडिओ कधीच न येणाऱ्या वेळेची वाट बघत बसतो. मेनूत जाऊन वेळेचा स्रोत ‘नेटवर्क’ करा, टाइम झोन अधिक साडेपाच तास करा, आणि उन्हाळी वेळेचा पर्याय चालू असेल तर बंद करा. घड्याळ बरोबर एक तासाने पुढे असेल तर हा शेवटचा पर्यायच कारण असतो. हे करूनही रोज वेळ गेली तरच घड्याळाचा विचार करायचा.

आता पासवर्ड. रेडिओने पासवर्ड ‘मागितला’ म्हणजे तो विसरला असं नाही. आपल्याकडे लाइट गेली की राउटर आणि रेडिओ एकत्रच बंद होतात आणि एकत्रच चालू होतात. रेडिओ अर्ध्या मिनिटात तयार होतो. फायबरचा डबा आणि राउटर मिळून दोन-तीन मिनिटं, कधी त्याहून जास्त घेतात. तोवर रेडिओ चार वेळा हाक मारून थकतो आणि नेटवर्क जोडणीचा पडदा समोर आणतो. बाबा तो पडदा बघतात, चाकं फिरवून एकेक अक्षर करत पासवर्ड भरतात, तेवढ्यात राउटर जागा झालेला असतो, जोडणी होते, आणि घरात निष्कर्ष निघतो की रेडिओ पासवर्ड विसरला होता. पुढच्या वेळी लाइट आल्यावर पाच मिनिटं हात लावू नका. मग रेडिओ त्याच्या बटणाने बंद करून चालू करा. न विचारता जोडला गेला तर मेमरी शाबूत आहे.

वाय-फायच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी बघून घ्या. अनेक इंटरनेट रेडिओ वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांपैकी फक्त २.४ वर चालतात. गेल्या वर्षभरात नेटवाल्याने राउटर बदलून दिला असेल आणि त्यात दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, किंवा सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीवर ठेवलेली असेल, तर जुना रेडिओ कधी जोडला जातो, कधी नाही. राउटरमध्ये २.४ साठी वेगळं नाव द्या आणि सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा. रेडिओ अमेरिकेतून आलेला असता तर वाय-फायच्या वाहिनीचा (चॅनेलचा) क्रमांकही तपासायला सांगितला असता. तिथले संच बहुधा १ ते ११ एवढ्याच वाहिन्या शोधतात, आपल्याकडे राउटर १२ किंवा १३ वरही जाऊ शकतो, आणि मग त्या रेडिओच्या लेखी घरात वाय-फायच नसतं. इंग्लंडच्या संचाला ही अडचण नाही.

स्टेशनांचं प्रकरण वेगळंच आहे आणि त्यात रेडिओचा दोष बहुतेक वेळा नसतो. तुम्ही तीन क्रमांकावर एखादं स्टेशन साठवता तेव्हा अनेक संच त्याच्या प्रवाहाचा, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या आवाजाचा, खरा पत्ता साठवत नाहीत. स्टेशनांची यादी पुरवणाऱ्या सेवेतला त्याचा ओळख क्रमांक साठवतात. ती सेवा बदलली की क्रमांक निरर्थक होतो. २०१९ मध्ये फ्रंटियर सिलिकॉन कंपनीच्या मॉड्यूलवर, म्हणजे रेडिओतल्या तयार वाय-फाय सर्किटवर, चालणाऱ्या, निरनिराळ्या नावांनी विकल्या गेलेल्या असंख्य रेडिओंची यादी व्हीट्यूनर या सेवेकडून एअरेबल या सेवेकडे गेली तेव्हा लोकांच्या आवडत्या स्टेशनांच्या याद्या अशाच कोऱ्या पडल्या. रेसिव्हाची अशीच सेवा २०२१ मध्ये बंद झाली. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स या आपल्या नेटवर्क प्लेअरची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये थांबवली. शिवाय प्रसारक स्वतःही प्रवाह बदलतात. बीबीसीने जुन्या पद्धतीचे प्रवाह २०२३ मध्ये बंद केले. आकाशवाणीची बरीच केंद्रं आता एचएलएस पद्धतीने, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे करून, येतात, ती पद्धत न समजणाऱ्या जुन्या रेडिओवर विविध भारतीचं नाव दिसतं, आवाज येत नाही.

ओळखायचं कसं? साठवलेल्या क्रमांकावर स्टेशनाचं नाव येतं पण ते वाजत नाही, तर मेमरी ठीक आहे आणि पत्ता मेला आहे. मेनूतून तेच स्टेशन नव्याने शोधून त्याच क्रमांकावर पुन्हा साठवा. क्रमांक दाबल्यावर ‘रिकामं’ असं आलं तर मात्र मेमरीकडे वळायचं. दोन्हींतला फरक न बघता लोक रिसेट मारतात आणि धडधाकट असलेली बाकीची यादीही घालवून बसतात.

हे तिन्ही बाजूला काढल्यावर तुमची चौथी तक्रार उरते: उजेड, गजर, सगळंच कोरं. ही खरी विसरण्याची तक्रार आहे, आणि ‘रिसेटनंतर चार-आठ दिवस बरं’ हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सेटिंग साठवणारी मेमरी चिप मेलेली असती तर रिसेटनंतर चार मिनिटंही बरं चाललं नसतं.

एक चाचणी करा. डिस्प्लेचा उजेड मुद्दाम अगदी कमी ठेवा, गजर एखाद्या विचित्र वेळेला, म्हणजे चार वाजून सतरा मिनिटांना लावा, आणि एक नवं स्टेशन रिकाम्या क्रमांकावर साठवा. तिन्ही कागदावर लिहा. आता रेडिओ त्याच्या स्वतःच्या बटणाने स्टँडबायवर न्या, मिनिटभर थांबा, मग प्लग काढा आणि दहा सेकंदांनी परत लावा. तिन्ही गोष्टी जागेवर असतील तर पुढची पायरी: पुन्हा स्टँडबाय, मग प्लग काढून रात्रभर ठेवा. तेही ठीक निघालं तर शेवटी एकदाच, काहीतरी बदलून लगेच, वाजत असतानाच प्लग काढा.

दहा सेकंदांतच सगळं गेलं तर रेडिओ लिहूनच ठेवत नाही, म्हणजे चिप किंवा सॉफ्टवेअर. रात्रभरानंतरच गेलं तर त्या संचात मेमरी किंवा घड्याळ धरून ठेवणारी छोटी बॅटरी किंवा वीज साठवणारा मोठ्या धारकतेचा कपॅसिटर आहे आणि तो संपला आहे. नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल असेल तर काढून मोजा, २.७ च्या खाली असेल तर बदला. फक्त वाजताना प्लग काढल्यावर गेलं तर दोष तुमच्या घरातल्या सवयीत आहे. आणि तिन्ही चाचण्या पास होऊनही आठवड्याने आपोआप कोरं झालं, तर मला संशय पुरवठ्याचा आहे. तुमच्या वर्णनावरून मला शेवटच्या दोन शक्यताच दिसतात.

सवय म्हणजे भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं आणि रात्री झोपण्याआधी ‘सगळं बंद’ करत फिरणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक घरात असते. पुष्कळ रेडिओ आवाजाची पातळी, शेवटचं स्टेशन, काही सेटिंग लगेच कायमच्या मेमरीत लिहीत नाहीत. ती तात्पुरत्या मेमरीत ठेवतात आणि स्टँडबायवर जाताना एकदम लिहितात. या कायमच्या मेमरीच्या चिपवर, म्हणजे फ्लॅशवर, वारंवार लिहू नये म्हणून हे केलेलं असतं. बोर्डाचं बटण दाबून वीजच तोडली की लिहायची वेळच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे लिहिणं चालू असतानाच वीज गेली तर. फ्लॅशमध्ये एखादी नोंद बदलायला आधी तो अख्खा ठोकळा पुसावा लागतो, साधारण चार किलोबाइटचा, आणि मग नव्याने लिहावा लागतो. पुसून झालं आणि लिहायचं राहिलं, तर पुढच्या वेळी रेडिओ ती नोंद वाचतो, पडताळणीची बेरीज जुळत नाही म्हणून टाकून देतो आणि कारखान्यातली मूळ सेटिंग घेतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदीच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी चालते. सगळी सॉफ्टवेअरं चांगली नसतात.

तेव्हा बाबांना सांगा, आधी रेडिओचं बटण, मिनिटाने बोर्डाचं. किंवा बोर्डाचं दाबूच नका; स्टँडबायला एक-दोन वॅट जातात, महिन्याला एक-दीड युनिटच्या आत.

पुरवठ्याकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण ‘मेमरी गेली’ म्हणून येणाऱ्या संचांत दोष तिथेच सापडण्याची शक्यता मोठी असते. तुमच्या बाबतीत सुरुवात भिंतीपासून. लंडनचा प्लग चौकोनी तीन पिनांचा, तो आपल्या सॉकेटमध्ये थेट बसत नाही. म्हणजे मध्ये प्रवासी कन्व्हर्टर आहे, बहुधा विमानतळावर घेतलेला. त्या कन्व्हर्टरच्या पट्ट्या वर्षा-दोन वर्षांत सैल होतात, पावसाळ्यात काळ्या पडतात. जवळून कुणी चाललं किंवा पंखा चालू केला तरी क्षणभर संपर्क तुटतो. कानाला कळत नाही, पण आतल्या मॉड्यूलला कळतं. कन्व्हर्टर हाताला गरम लागत असेल, त्यातून चर्र आवाज येत असेल तर आजच फेकून द्या. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर सरळ आपल्या पिनांचा, तेवढ्याच आउटपुट व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणा आणि कन्व्हर्टरची भानगडच मिटवा.

आणताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्ट अगदी तेवढेच. अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनची ध्रुवता, म्हणजे मधली पिन धन की ऋण, हे अ‍ॅडॉप्टरवरच्या गोल खुणेवरून बघा. आणि पिनचं आतलं माप, जिथे दुकानदारही फसतात. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना सारख्याच दिसतात, पण आतलं भोक एकीचं २.१ आणि दुसरीचं २.५ असतं. २.१ च्या रेडिओत २.५ ची पिन जाते, रेडिओ चालतोही, फक्त वायर हलली की जातो. नवा अ‍ॅडॉप्टर आणल्यावरही तक्रार तशीच राहिली असं सांगणाऱ्यांना मी आधी हेच तपासायला लावतो.

जुना अ‍ॅडॉप्टर मोजायचा तर रेडिओ जोडलेला आणि मोठ्या आवाजात वाजत असताना मोजा. नुसता मोकळा अ‍ॅडॉप्टर जवळजवळ नेहमीच छान आकडा दाखवतो. १२ व्होल्टचा असेल आणि वाजताना ११.४ च्या खाली जात असेल तर तो थकला आहे. त्यातही मल्टिमीटर सरासरी दाखवतो. वाय-फाय सिग्नल पाठवताना विजेचा प्रवाह क्षणभर उसळतो आणि त्या क्षणी पडलेला खड्डा मीटरला दिसत नाही. म्हणून आकडा ठीक आला तरी मी खात्रीचा दुसरा अ‍ॅडॉप्टर आठवडाभर लावून बघायला सांगतो. बाहेरून दिसणाऱ्या खुणा अशा: ढोलाच्या ठोक्याला डिस्प्ले मंदावणं, आवाज वाढवला की नेट तुटणं, अ‍ॅडॉप्टरमधून बारीक शिट्टी येणं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. आतली मेमरी चिप बहुतेक वेळा ३.३ व्होल्टची असते आणि साधारण २.७ च्या खाली तिच्या कामाची हमी नसते. अ‍ॅडॉप्टरमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात, मग पुरवठा गचके देतो. प्रोसेसर त्या गचक्यातही काम रेटतो आणि चिपवर अर्धवट लिहितो. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर ओढून घेतल्यावर शेवटचं वाक्य जसं राहतं, तशी ती नोंद राहते. रिसेट केला की नोंद नव्याने स्वच्छ लिहिली जाते, आणि पुढचा गचका बसेपर्यंत सगळं बरं चालतं. तुमचे ‘चार-आठ दिवस’ ते हेच असावेत.

घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बघा. लाइट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंत फट असते. बहुतेक इन्व्हर्टरवर यूपीएस आणि साधा असे दोन पर्याय असतात. साध्यावर ती फट मोठी असते, पंखे-दिव्यांना चालते, रेडिओला चालेलच असं नाही. रेडिओ १२ व्होल्टचा असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस त्यालाही लावता येतो. त्याची अँपिअरची क्षमता रेडिओच्या अ‍ॅडॉप्टरएवढी तरी हवी.

पावसाळ्याचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून एक वेगळी शक्यता. काही संचांत ठरावीक बटण दाबून धरून वीज चालू केली की फॅक्टरी रिसेट होतो. दमट हवेत बटणाखालच्या स्विचमध्ये ओल शिरली, बुरशी किंवा गंज धरला, तर ते बटण न दाबताही अर्धवट दाबल्यासारखं वागतं. मग लाइट येताच रेडिओ आज्ञाधारकपणे स्वतःला कोरा करून घेतो. आवाज आपोआप वरखाली होणं, मेनू आपणहून उघडणं, एखादं बटण दोनदा लागणं अशी लक्षणं असतील तर संशय पक्का. मागचं कव्हर काढून बटणांची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. तरीही लक्षण राहिलं तर तो स्विच बदला. सुटा स्विच चार-पाच रुपयांचा येतो. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी तर हे आधी बघावं. कव्हर उघडलंच आहे तर व्होल्टेज रेग्युलेटरशेजारचे कपॅसिटर डोळ्यांखालून घाला. ज्याची टोपी फुगलेली दिसेल तो बदला, तेवढीच धारकता आणि तेवढंच किंवा जास्त व्होल्टेज, १०५ अंश तापमान सोसणारा.

सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध असेल तर करा, पण पुरवठा सुधारल्यावरच. खराब अ‍ॅडॉप्टरवर अपडेट चालवणं म्हणजे चालता संच हाताने मारणं. अपडेटआधी सगळी सेटिंग कागदावर उतरवून ठेवा, ती पुसली जाण्याची शक्यता धरूनच चला. त्यानंतर एक रिसेट, कारण जुन्या अर्धवट नोंदी नव्या सॉफ्टवेअरलाही गोंधळात टाकतात. आधी केलेले तुमचे रिसेट वाया गेले ते क्रम उलटा होता म्हणून: रोगाचं मूळ जागेवर ठेवून पाटी पुसली जात होती.

इतकं करूनही पहिल्याच चाचणीत, दहा सेकंदांत, सगळं पुसलं जात असेल तरच चिप. चिपचा घसारा होतो हे खरं. या प्रकारच्या चिपवर एकाच ठोकळ्यावर सुमारे एक लाख वेळा पुसणं-लिहिणं चालेल असं उत्पादक धरतात. दिवसाला वीस वेळा लिहिलं तरी लाख व्हायला तेरा वर्षांहून जास्त लागतात. तीन वर्षांत ती झिजली असेल तर सॉफ्टवेअर आवाजाच्या प्रत्येक टप्प्याला लिहीत असणार, आणि मग नवी चिपही तशीच झिजेल.

चिप बदलणाऱ्याला दोन सूचना द्या. जुन्या चिपमधला मजकूर आधी वाचून जपून ठेवायला सांगा. दुसऱ्या रेडिओतून किंवा नेटवरून आणलेली प्रत सरळ भरू देऊ नका, कारण अनेक मॉड्यूलमध्ये रेडिओचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा स्वतःचा क्रमांक) आणि ओळख त्याच चिपमध्ये असते. ओळख बदलली की स्टेशनांची यादी देणारा सर्व्हर त्याला दारात उभा करेलच याची खात्री नाही. आणि त्याच्याकडे सीएच३४१ए नावाचा स्वस्त काळा प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यंत्र, असेल तर त्याच्या डेटा तारा किती व्होल्टवर आहेत ते मोजायला सांगा. त्या काळ्या आवृत्तीत ३.३ ची चिप लावली तरी डेटा तारांवर पाच व्होल्ट येतात, आणि ठीक असलेली चिपही त्यात जाऊ शकते.

खर्चाचं बोलायचं तर माझा क्रम असा राहील: मेनूतली घड्याळाची आणि राउटरमधली वाय-फायची दुरुस्ती फुकट, बोर्डाच्या बटणाची सवय फुकट, मग कन्व्हर्टर काढून चांगला अ‍ॅडॉप्टर, तीनेकशे ते सहाशे रुपये. त्यावर पंधरा दिवस चालवा. मगच बटणं आणि कपॅसिटर. मॉड्यूल बदलायला सांगितलं तर नको म्हणा. सुटं मॉड्यूल इथे मिळणं कठीण, मिळालं तर त्यात त्या संचाचं सॉफ्टवेअर नसतं. त्या टप्प्यावर मागे ऑक्स इनपुट, म्हणजे बाहेरून आवाज जोडायची जागा, आहे का बघा, जुना फोन जोडा आणि त्यावर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अ‍ॅप लावा. स्पीकर आणि पेटी चांगली असेल तर आवाजात काही कमी जाणवणार नाही.

चाचणीचे निकाल आणि अ‍ॅडॉप्टरच्या लेबलवरचा मजकूर कळवा. संचाच्या मेनूत सॉफ्टवेअर आवृत्तीच्या लांबलचक ओळीत मॉड्यूलचं नाव असतं, तेही लिहा. त्यावरून रिसेटचं बटण कोणतं आणि छोटी बॅटरी आत आहे की नाही ते सांगता येईल.